यंत्राची प्रत आणि प्रतीची पुष्पिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विजयनगर, म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत संगणकासारख्या रूक्ष विषयाला पान मांडण्याचे धाडस कार्यकारी मंडळाने केले, याबद्दल मी प्रथम त्यांचे आभार मानतो. आमंत्रण देताना चिटणीस म्हणाले, "आपल्यातली कितीतरी मुले रोज सकाळी हेब्बाळच्या वाटेने कामाला जातात. ती तिथे नेमके काय करतात, हे आम्हा वडीलधाऱ्यांना एकदा उमगेल असे सांगा." ते सर्व सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. गेली वीस-बावीस वर्षे विजयनगरात राहून मी जे काम करीत आलो, त्यातील एकच लहानशी गोष्ट आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ती म्हणजे, यंत्राची प्रत काढणे.

आरंभ मात्र संगणकापासून करीत नाही. तो याच शहरातील एका पोथीपासून करतो.

म्हैसूरचे प्राच्य ग्रंथालय १८९१ साली स्थापन झाले. आज आपण त्याला प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखतो. तेथे १९०५ साली तंजावरकडील एका पंडिताने एक ताडपत्रावरील हस्तलिखित आणून दिले. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ते वाचले आणि त्यांच्या ध्यानात आले की, हे कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' आहे. ज्या ग्रंथाचे नाव तेवढे इतरांच्या उल्लेखांतून ठाऊक होते, तो ग्रंथ समोर उभा होता. १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. पुढे आणखी हस्तलिखिते मिळाली आणि ती ताडून पाहून आपल्या प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रकाशित केली.

ही कथा आपणांस ठाऊक असेल. मला तिच्यातील एका अनाम माणसाकडे लक्ष वेधावयाचे आहे. तो म्हणजे नकलनवीस. शतकानुशतके कोणीतरी बसून प्रत काढीत राहिले, म्हणून ग्रंथ वाचला. आणि जो नकलनवीस जबाबदार असे, तो ग्रंथ संपल्यावर शेवटी चार ओळी आपल्या लिहीत असे: ही प्रत कोणी लिहिली, कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणासाठी. या ओळींना पुष्पिका म्हणतात. पोथीची पुष्पिका हरवली की, ती कोणाची लेक आणि कोणाची नात हे सांगणे संशोधकाला अवघड जाते. ही पुष्पिका मनात असू द्या. शेवटी तिच्याकडेच यावयाचे आहे.

आता संगणकाकडे वळू. 'आभासी यंत्र' म्हणजे काय, हे समजण्यासाठी पुण्या-साताऱ्याकडचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. छप्पर एक, विहीर एक, दिंडीदरवाजा एक. पण आत आठ-दहा बिऱ्हाडे. प्रत्येकाची चूल वेगळी, दारावरची पाटी वेगळी, शिधापत्रिका वेगळी. वाड्याचा कारभारी पाण्याच्या पाळ्या ठरवितो आणि एका बिऱ्हाडाचा धूर दुसऱ्याच्या घरात जाणार नाही, हे पाहतो. मोठ्या संगणकातही असेच करता येते. एकाच लोखंडी यंत्राच्या पोटात दहा-वीस यंत्रे नांदविता येतात. प्रत्येकाला वाटते की, सारा संगणक आपलाच आहे. कारभाऱ्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला 'हायपरव्हायझर' असे नाव आहे.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने २ ऑगस्ट १९७२ रोजी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा संगणक इतका महाग होता की, तो वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे लहान संगणक स्वस्त झाले आणि वाड्याची जागा स्वतंत्र बंगल्यांनी घेतली. परंतु बंगले रिकामेच पडून राहतात, हे ध्यानात आल्यावर लोक पुन्हा वाड्याकडे वळले. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने साध्या संगणकावर आभासी यंत्र चालवून दाखविले. २००३ साली केंब्रिजमधून 'झेन' आले. २००६ साली इस्रायलमधील क्यूमरानेट या लहानशा कंपनीतील अवी किविटी यांनी 'केव्हीएम' लिहिले आणि २००७ च्या आरंभी ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. आता असे अनेक वाडे एका ठिकाणाहून सांभाळावयाचे, तर एक कचेरी हवी. ही कचेरी म्हणजेच व्यवस्थापन-आज्ञावली. ओव्हर्ट, क्लाउडस्टॅक, प्रॉक्समॉक्स ही त्यांतील काही नावे. या साऱ्यांची मूळ आज्ञावली खुली आहे. कोणीही ती वाचावी, बदलावी, आपली भर घालावी.

या 'खुलेपणा'विषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आयबीएमच्या त्या जुन्या प्रणालीची मूळ आज्ञावली ग्राहकांच्या हाती येत असे. विद्यापीठांतील लोक तिच्यात सुधारणा करीत आणि एकमेकांना देत. १९८३ च्या आरंभी त्या कंपनीने मूळ आज्ञावली देणे थांबविण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा करून मुक्त आज्ञावलीच्या चळवळीची मुहूर्तमेढ रोवली. एक दार मिटत असताना दुसरीकडे दुसरे उघडले, असा हा योग. परक्याच्या मर्जीवर विसंबण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत लागू केली. तेव्हापासून खुल्या व्यवस्थापन-आज्ञावलींकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलली. एरवी ज्या सोयी कंपनीने तयार दिल्या असत्या, त्या आपणच घालावयाच्या, हे ओझे त्याबरोबर आलेच. 'प्रत काढणे', म्हणजे ज्याला आमची मुले 'क्लोनिंग' म्हणतात, ही त्यांतीलच एक सोय.

प्रत हवी कशाला? कारणे घरगुतीच आहेत. महाविद्यालयात चाळीस विद्यार्थ्यांना एकसारखे यंत्र द्यावयाचे आहे. एक नीट सजवावे आणि बाकीच्या प्रती काढाव्यात. चालत्या यंत्रात मोठा बदल करावयाचा आहे. आधी प्रतीवर रंगीत तालीम करावी. आणि आभासी यंत्राची मौज अशी की, त्याची डिस्क म्हणजे शेवटी एक भलीमोठी फाइल असते, आणि त्याचे सारे वर्णन म्हणजे एक लहानसा मजकूर. तेव्हा तुम्ही म्हणाल, फाइलची नक्कल तर आमचा नातूही करतो; त्यात विशेष ते काय?

हाच प्रश्न कळीचा आहे. प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नामध्ये तयार झालेली आज्ञावली. तिची पहिली आवृत्ती २००८ साली आली आणि प्रत काढण्याची सोय आली ती मे २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत. मधली पाच वर्षे लोक स्वस्थ बसले नव्हते. ते यंत्राचा बॅकअप घेत आणि तो नव्या क्रमांकाने पुन्हा उभा करीत. म्हणजे प्रती निघत होत्याच. मग सोय घालणाऱ्यांनी नवीन काय दिले? त्यांनी एक बटण दिले, आणि त्या बटणाच्या पाठीमागे काही प्रश्नांची उत्तरे ठरवून दिली. ते प्रश्न सांगतो.

पहिला प्रश्न: यंत्र चालू असताना प्रत काढावयाची की बंद करून? कारकून जमाखर्च लिहीत आहे. एकाच्या नावे टाकलेली रक्कम दुसऱ्याच्या जमेस अजून धरलेली नाही, एवढ्यात तुम्ही पानाचे छायाचित्र घेतले, तर त्या छायाचित्रातला हिशेब जुळणार नाही. म्हणून यंत्राच्या आत एक लहानसा मदतनीस बसवितात. बाहेरून इशारा मिळताच तो म्हणतो, "क्षणभर लेखण्या खाली ठेवा." हातातले लिखाण डिस्कवर उतरते, तेवढ्यात छायाचित्र घेतले जाते आणि काम पुन्हा सुरू होते. ही तजवीज नसेल, तर वीज अचानक गेल्यावर जशी डिस्क सापडावी, तशीच प्रत हाती येते. बहुधा ती चालतेही. पण 'बहुधा' या शब्दावर कोणी हिशेब ठेवीत नाही.

दुसरा प्रश्न: पूर्ण प्रत की जोडप्रत? वीस गिगाबाइटचे यंत्र चाळीस विद्यार्थ्यांना द्यावयाचे, तर पूर्ण प्रतींना आठशे गिगाबाइट जागा लागेल. त्याऐवजी युक्ती अशी: मूळ पोथी एकच ठेवावयाची; प्रत्येक विद्यार्थ्याला कोऱ्या पानांचा एक गठ्ठा द्यावयाचा. ज्या पानात तो बदल करील, तेवढे पान त्याच्या गठ्ठ्यात उतरावयाचे. बाकीची पाने तो मूळ पोथीतूनच वाचील. अशी डिस्क ठेवण्याची एक प्रचलित पद्धत 'क्यूकाऊ' या नावाने ओळखली जाते. त्यातील 'काऊ'चा गोमातेशी संबंध नाही. 'लिहिताना नक्कल करा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. जागा वाचली, क्षणात प्रत निघाली. पण आता मूळ पोथीला कोणी हात लावला तर चाळीसही प्रती एकदम बिघडतील. म्हणून प्रॉक्समॉक्सने जोडप्रतीसाठी अट घातली की, आधी मूळ यंत्राचा 'साचा' करावा. एकदा साचा झाला की, ते यंत्र पुन्हा चालू करता येत नाही. आणि जोपर्यंत एकही जोडप्रत नांदत आहे, तोपर्यंत साच्याची डिस्क पुसू दिली जात नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: प्रतीची ओळख काय? वाड्यातल्या एका बिऱ्हाडाची हुबेहूब प्रत काढली, अशी कल्पना करा. चुलीवरच्या दुधासकट सारे आले. पण दारावरची पाटी तीच, शिधापत्रिकेचा क्रमांक तोच, कुलपाची किल्लीही तीच. टपालवाला पत्र कोणाला देणार? यंत्राच्या बाबतीत यातली बाहेरची ओळख व्यवस्थापन-आज्ञावलीच्या हातात असते: यंत्राचे नाव, त्याचा ओळखक्रमांक, जाळ्यातील त्याचा मॅक पत्ता. हे बदलणे तिला सोपे आहे आणि चांगल्या आज्ञावली ते करतातच. जुलै २०२३ मध्ये जिची १.० आवृत्ती आली, त्या क्युबव्हर्ट प्रकल्पात तर प्रत मागण्याच्या अर्जातच नव्या मॅक पत्त्यासाठी आणि नव्या अनुक्रमांकासाठी रकाने आहेत. परंतु आतली ओळख कारभाऱ्याला दिसत नाही. यंत्राने स्वतःला दिलेले नाव, दुसऱ्यांना आपली खूण पटविण्याच्या त्याच्या गुप्त किल्ल्या, आणि रोज ठरलेल्या वेळी करावयाच्या कामांची यादी, हे सारे बिऱ्हाडाच्या आतल्या कपाटात असते.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. तो एका चुकीतून शिकलो. ती आपल्यापुढे सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या शुल्काचा हिशेब ठेवणारे यंत्र आमच्या देखरेखीखाली होते. त्यात नवी आवृत्ती बसवावयाची होती. सावधगिरी म्हणून आम्ही दुपारी बारा वाजता त्याची प्रत काढली. रंगीत तालीम प्रतीवर करावी, हा हेतू. प्रतीचा पत्ता बदलला, नाव बदलले, काम नीट झाले म्हणून समाधानाने घरी आलो. शुल्क भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यामुळे त्या दुपारी पुष्कळ पालकांनी रांगेत उभे राहून पैसे भरले. ती नोंद अर्थातच मूळ यंत्रात झाली. प्रतीच्या दृष्टीने घड्याळ बाराला थांबलेले होते.

रात्री आठ वाजता, ठरल्याप्रमाणे, मूळ यंत्राने थकबाकीदार पालकांना भ्रमणध्वनीवर स्मरणपत्र पाठविले. आणि त्याच ठोक्याला, ठरल्याप्रमाणेच, प्रतीनेही पाठविले. तिला कोणी सांगितलेच नव्हते की, तू प्रत आहेस. ज्यांनी दुपारी पैसे भरले होते, त्या सर्वांना तिने कळविले की, तुमचे शुल्क बाकी आहे. उद्या न भरल्यास नाव कमी होईल.

सकाळी मी संस्थेत पोहोचलो, तेव्हा खिडकीशी गर्दी होती. सर्वांच्या पुढे एक वृद्ध बाई उभी होती. नातवाचे शुल्क तिने आदल्या दिवशी भरले होते. पावती तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती आणि ती सोडताना तिची बोटे थरथरत होती. मी कन्नडमध्ये तिला म्हणालो, "अज्जी, पैसे मिळाले आहेत, चूक आमची आहे." तिने पावतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग यंत्र खोटे का बोलले?" तिला प्रतीची गोष्ट कशी समजावून सांगणार? आणि खरे पाहता यंत्र खोटे बोललेच नव्हते. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने खरेच बोलत होती. आम्ही दोन साक्षीदार उभे केले आणि दोघांना एकच नाव ठेवले, हा दोष आमचा. दुपारपर्यंत सर्वांना क्षमायाचनेचा संदेश गेला. मी दिवसभर त्या खिडकीशी बसून राहिलो. पण त्या बाईने रात्र कशी काढली असेल, हा विचार अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

यात अधिक लाजिरवाणी बाब अशी की, उपाय आमच्या हाताशी होता. 'व्हर्ट-सिसप्रेप' नावाचे एक खुले साधन आहे. बंद असलेल्या प्रतीच्या डिस्कमध्ये शिरून ते जुन्या किल्ल्या, यंत्राची आतली ओळख, जुन्या नोंदी आणि वापरकर्त्यांनी लावून ठेवलेली वेळापत्रकी कामे पुसून टाकते. आम्ही ते वापरले नाही, कारण बटण दाबल्यावर प्रत तयार झाली होती आणि ती तयार झाली म्हणजे काम संपले, असे आम्ही समजलो. आपल्या मंडळातही असे झाले आहेच! गतवर्षीच्या निमंत्रणपत्रिकेची फाइल उघडून नवी तयार करताना एकदा वर्ष बदलले आणि वार तोच राहिला, हे समोरच्या रांगेतील मंडळींना आठवत असेल. तेव्हा आपण हसलो. पण पत्रिका स्वतःहून कोणाच्या दारी जात नाही; यंत्राची प्रत जाते.

म्हणून तरुण मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. खुल्या आज्ञावलीत अशी सोय घालण्याची संधी तुमच्यापैकी कोणाला मिळेल. मिळावी, अशी माझी इच्छा आहे. त्या वेळी डिस्कची नक्कल करणारा भाग तुम्ही सहज लिहाल. वेळ द्यावा लागेल तो बाकीच्या गोष्टींना. प्रत निम्म्यावर असताना जागा संपली, तर अर्धवट राहिलेले तुकडे कोण आवरील? प्रत काढण्याचा अधिकार कोणाला? कारण प्रतीबरोबर मूळ यंत्रातील सर्व पासवर्ड आणि लोकांची खासगी माहितीही दुसऱ्याच्या हाती जाते. जाळ्याला जोडण्याआधी प्रत एकटी, बंद खोलीत जागी करता येईल का? आणि ही प्रत कोणाची, केव्हा काढली, कोणी काढली, कशासाठी काढली, हे तिच्या अंगावर लिहिलेले राहील का? शेवटचा प्रश्न म्हणजेच आपली पुष्पिका. ज्या बटणापाठीमागे ती नाही, ते बटण अपुरे आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. खुलेपणाचा लाभ इथेच आहे: अपुरेपणा दिसला, तर तक्रार करून थांबावे लागत नाही, आज्ञावली उघडून ती ओळ आपणच घालता येते, आणि ती व्हिएन्नापासून विजयनगरापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडते.

त्या घटनेनंतर आम्ही आमच्या कामात एक नियम केला. प्रत प्रथम जागी होते ती जाळ्यापासून तोडलेली. तिच्या आतली कामे थांबविली जातात, किल्ल्या नव्या केल्या जातात. आणि तिच्यात प्रवेश करताच पडद्यावर पहिली ओळ दिसते: 'ही प्रत आहे.' त्याखाली मूळ यंत्राचे नाव, तारीख आणि प्रत काढणाऱ्याचे नाव. नियम साधा आहे. तो आधी का सुचला नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी या शहरात आलेल्या मंडळींनी गणेशोत्सव, हळदीकुंकू, दिवाळी अंक, भजनाची पेटी असे आपल्या गावाचे जेवढे आणता आले तेवढे इथे आणले. परंतु त्यांनी गावाची केवळ नक्कल केली नाही. शेजाऱ्याशी कन्नड बोलावयास ते शिकले, दसऱ्याच्या मिरवणुकीत उभे राहिले, आणि आपण कोठून आलो याची नोंद मंडळाच्या पहिल्या वहीत स्वच्छ अक्षरात करून ठेवली. ती वही आज बाहेर मांडलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर नावे आहेत, तारीख आहे, आणि प्रत्येक नावापुढे मूळ गाव आहे. जाताना ती अवश्य पाहावी, आणि मुलांनाही दाखवावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो. मंडळाच्या पुढील वाटचालीस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.